मटणानंतर चार तासांनी उठणारे पित्त आणि रक्ताची तपासणी

गोश्तच्या धंद्यातील बांधवांना गिऱ्हाइकाच्या तक्रारी नव्या नाहीत. माल शिळा होता, हाडे जास्त घातली, चरबी फार होती. अमेरिकेत गेल्या पंधरा-सोळा वर्षांत वाढलेली एक तक्रार मात्र निराळी आहे. रात्रीचे जेवण झाले, चवीत खोट नव्हती, घरात इतर कोणाला काही झाले नाही. आणि मध्यरात्रीनंतर एकट्याच्याच अंगावर पित्त उठले, पोटात कळा आल्या, श्वास कोंडला. खापर फुटते दुकानदारावर. दोष त्याचा नसतो.

कारण आहे गोचीड. 'लोन स्टार' जातीची गोचीड चावली की काहींच्या रक्तात 'अल्फा-गॅल' नावाच्या साखरेविरुद्ध आयजीई हे प्रतिद्रव्य तयार होते. ही साखर बकरा, मेंढी, गाय, म्हैस, डुक्कर या सर्वांच्या मांसात असते. कोंबडीत व मासळीत नसते. ती चरबीबरोबर उशिरा रक्तात उतरते असे बहुतेक संशोधक मानतात, म्हणून त्रास दोन ते सहा तासांनी होतो आणि मटणावर कोणाचा संशय जात नाही.

शोध लागला तोही आडवाटेने. कॅन्सरवरील 'सेटुक्सिमॅब' हे औषध देताना टेनेसी व नॉर्थ कॅरोलिना भागातील रुग्णांना जबर रिअॅक्शन येऊ लागली. औषध देण्यापूर्वी घेतलेल्या त्यांच्या रक्तात हेच प्रतिद्रव्य सापडले. ते संशोधन २००८ साली छापून आले. त्यात भाग घेणारे व्हर्जिनिया विद्यापीठाचे डॉ. थॉमस प्लॅट्स-मिल्स यांना स्वतःलाच २००७ साली डोंगरात फिरताना गोचिडी चावल्या होत्या. पुढे मेंढीचे मटण खाल्ल्यावर काही तासांनी त्यांच्याच अंगावर पित्त उठले!

हसण्यावारी नेण्यासारखा हा आजार नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात न्यू जर्सी राज्यातील एक गृहस्थ गोमांस खाऊन मध्यरात्री पोटदुखीने हैराण झाले. सकाळी बरे वाटले, म्हणून डॉक्टरकडे गेले नाहीत. दोन आठवड्यांनी हॅम्बर्गर खाल्ला आणि सुमारे चार तासांनी ते दगावले. निदान झाले ते मृत्यूनंतर, जपून ठेवलेल्या रक्तावरून.

तपासणी तशी साधी आहे. शिरेतून थोडे रक्त काढतात, उपाशी राहावे लागत नाही. मात्र मागताना नेमकी मागावी : 'अल्फा-गॅल आयजीई'. नुसती 'एकूण आयजीई' तपासणी उपयोगाची नाही. शंभर-दोनशे पदार्थांची यादी देणारी आयजीजी पॅनेल शहरोशहरी विकली जातात, त्यांवर तर पैसे घालवूच नयेत. आयजीजी म्हणजे अॅलर्जी नव्हे. मटणाच्या अर्काने त्वचेवर टोचून करतात ती चाचणीही या आजारात पुष्कळदा चुकते.

अल्फा-गॅलचा आकडा साधारणपणे ०.१ युनिट किंवा त्याहून जास्त आला की अहवाल पॉझिटिव्ह धरतात. पण इथेच खरी गोम आहे. जंगलात काम करणाऱ्या कितीतरी माणसांच्या रक्तात हे प्रतिद्रव्य असते आणि ती माणसे खुशाल मटण खातात. आकडा मोठा म्हणजे त्रास मोठा, असाही हिशेब नाही. म्हणून केव्हा खाल्ले, काय खाल्ले, किती तासांनी त्रास झाला, हे लिहून डॉक्टरपुढे ठेवावे आणि अहवाल त्याच्याशी ताडून पाहावा. अमेरिकेत २०१७ ते २०२२ या काळात २,९५,४०० लोकांची तपासणी झाली; पॉझिटिव्ह निघाले ९०,०१८. म्हणजे शंका आलेल्या दहांपैकी सात जणांना हे नव्हतेच. निव्वळ भीतीने मटण सोडणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. दुसरीकडे, २०२२ साली तिथल्या दीड हजार डॉक्टर व आरोग्यसेवकांना विचारले तर ४२ टक्क्यांनी हे नावच ऐकले नव्हते. तिकडे कामधंद्याला असलेल्या आपल्या नातलगांनी डॉक्टरला स्वतःहून गोचिडीची गोष्ट सांगावी ती यासाठी.

आता व्यापाऱ्यांसाठी. हलालचा शिक्का जबिहाची हमी देतो, या आजाराची नाही. हलाल जनावराच्या हाडा-कातड्यापासून काढलेले जिलेटिन शरियतला चालते, पण यातील काही रुग्णांना कॅप्सूलमधले तेवढे जिलेटिनही बाधते. औषधे, मिठाई, जेली यांचा माल तिकडे पाठवणाऱ्यांनी वेष्टनावर केवळ 'हलाल जिलेटिन' न छापता ते जनावराचे की मासळीचे, हे स्पष्ट छापावे. मासळीच्या जिलेटिनला तिथे याही कारणाने मागणी आहे. खानावळवाल्यांचेही तसेच. मुर्गी मटणाच्याच कढईत, त्याच चरबीत तळली असेल तर विचारणाऱ्याला तसे सांगून टाकावे.

नव्याने गोचीड चावली नाही तर पुष्कळांच्या रक्तातील आकडा हळूहळू उतरतो. सहा महिने ते वर्षाने पुन्हा तपासतात, आणि मटण परत सुरू करायचे ते डॉक्टरच्या देखरेखीखालीच.