वाट पाहणाऱ्यांचे हॉटेल

मायामी शहरातल्या आठव्या रस्त्याला तिथले लोक ‘काये ओचो’ म्हणतात. स्पॅनिशमध्ये या शब्दांचा अर्थ ‘आठवा रस्ता’ एवढाच. शहर अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातले. पण या रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या स्पॅनिश, बागेत डॉमिनो खेळणाऱ्या म्हाताऱ्यांच्या गप्पा स्पॅनिश आणि त्यांची भांडणेही स्पॅनिश. वस्तीचे नावच मुळी ‘लिटल हवाना’, म्हणजे धाकटे हवाना.

याच रस्त्यावर १९७१ पासून ‘व्हर्साय’ नावाचे एक हॉटेल चालू आहे. नाव फ्रान्समधल्या राजवाड्याचे. त्या राजवाड्याची आठवण व्हावी म्हणून भिंतींवर मोठमोठे आरसे लावलेले आणि वर झुंबरे टांगलेली. टेबलावर मात्र येतो तो भात, काळ्या घेवड्याची दाट उसळ आणि तळलेली पिकली केळी. इथे यायला कोणी ठेवणीतले कपडे घालत नाही. कामावरून सुटलेला गवंडी, नातवंडांना घेऊन आलेली आजी, कोर्टातून आलेला वकील, सगळे शेजारशेजारच्या टेबलांवर असतात. वाढणाऱ्या बाया अनोळखी गिऱ्हाइकालाही ‘मि आमोर’ म्हणून बोलावतात. आपल्याकडे ‘काय देऊ रे राजा?’ असे विचारावे, तसेच हे.

असे साधे हॉटेल पन्नास वर्षांहून अधिक काळ एखाद्या समाजाचे दुसरे घर होऊन बसते, तेव्हा त्यामागे नुसती चव नसते. इथे जेवायला येणारी माणसे अर्धे आयुष्य कशाची तरी वाट पाहत होती.

खिडकीपाशी उभे राहून

व्हर्सायची ओळख आतल्या टेबलांपेक्षा बाहेरच्या खिडकीने अधिक होते. या खिडकीला ‘वेंतानिता’ म्हणजे छोटी खिडकी म्हणतात. रस्त्याच्या बाजूने उघडणाऱ्या या खिडकीतून कॉफी आणि खाण्याचे जिन्नस मिळतात. लोक तिथेच उभे राहून कॉफी पितात आणि राजकारणावर तावातावाने बोलतात. आपल्या नाक्यावरच्या चहाच्या टपरीसारखेच हे दृश्य. फक्त चहाच्या जागी कॉफी.

ही कॉफी करण्याची रीतही खास आहे. यंत्रातून कॉफीचा अर्क ठिबकू लागला की त्याचे पहिले काही थेंब साखरेवर घेतात आणि ती साखर चमच्याने भराभर फेटतात. तिचा फिकट तपकिरी फेस होतो. मग उरलेली कॉफी त्यावर ओततात आणि फेस वर तरंगतो. तयार होतो तो दोन घोटांचा ‘काफेसितो’, कडक आणि गोडमिट्ट. त्यात थोडे दूध घातले की झाला ‘कोर्तादितो’. ‘कोलादा’ मागितली, तर एका मोठ्या पेल्यात चार-सहा जणांची कॉफी आणि सोबत अंगठ्याएवढे रिकामे पेले मिळतात. कोलादा एकट्याने प्यायची नसते. ऑफिसातला कोणीतरी खाली उतरतो, कोलादा घेऊन वर जातो आणि सगळ्यांना वाटतो. मायामीचा टेलिफोन कोड ३०५. म्हणून दुपारचे तीन वाजून पाच मिनिटे ही या शहराची कॉफीची वेळ ठरून गेली आहे.

ताटात काय असते?

क्यूबन जेवण म्हणजे जाळ तिखट असेल, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात त्यात मिरचीचा तिखटपणा जवळजवळ नसतो. लसूण, कांदा, भोपळी मिरची, जिरे आणि आंबट संत्र्याचा रस यांवर सगळी चव उभी असते. आधी कांदा, लसूण व भोपळी मिरची तेलात मंद परतून घ्यायची, ही बहुतेक पदार्थांची सुरुवात. या परतणाला ‘सोफ्रितो’ म्हणतात. आपल्याकडे फोडणीला जे स्थान, ते तिथे सोफ्रितोला.

सर्वांत लोकप्रिय पदार्थाचे नाव ऐकून नवखा माणूस गोंधळतो. ‘रोपा बिएहा’ म्हणजे जुने कपडे! गोमांस मऊ शिजवून त्याचे धागे सुटे करतात आणि ते टोमॅटोच्या रश्श्यात मुरवतात. ते फाटक्या कापडासारखे दिसते, म्हणून हे नाव. याची लोककथाही आहे. एका गरीब माणसाकडे पाहुण्यांना वाढायला काहीच नव्हते. त्याने आपले जुने कपडेच भांड्यात शिजत टाकले आणि देवाची करुणा भाकली. झाकण काढले, तो आत सुग्रास रस्सा तयार! काळा घेवडा आणि भात एकत्र शिजवला, तर त्याचे नाव ‘मोरोस इ क्रिस्तियानोस’, म्हणजे मूर आणि ख्रिस्ती. काळे दाणे मूर आणि पांढरा भात ख्रिस्ती. स्पेनच्या इतिहासातल्या लढायांचा एवढाच अवशेष आता ताटात उरला आहे.

मराठी माणसाला या ताटात ओळखीचेही बरेच काही भेटते. उकडलेला ‘युका’ नावाचा कंद लसणीच्या आंबट ‘मोहो’त घोळून येतो. हा कंद म्हणजे आपला टॅपिओका, केरळातला कप्पा. तमिळनाडूत सेलमच्या परिसरातले कारखाने याच कंदापासून साबुदाणा बनवतात आणि आपल्याकडे उपासाला त्याचीच खिचडी होते. हिरव्या केळ्याचे काप एकदा तळून, चेपून, पुन्हा तळले की ‘तोस्तोनेस’ होतात. पूर्ण पिकलेली केळी तळली की ‘मादुरोस’. वसईची राजेळी केळी ज्यांनी खाल्ली आहेत, त्यांना या मादुरोसची गोडी वेगळी सांगायला नको. शेवटी पेरूचा घट्ट गोड लगदा भरलेली खुसखुशीत पेस्ट्री घ्यावी. शाकाहारी माणसाने मात्र घेवड्याची उसळ मागवण्यापूर्वी विचारून घ्यावे; काही ठिकाणी ती डुकराच्या मांसाचा तुकडा घालून शिजवतात.

‘थोड्या दिवसांसाठी’ आलेली माणसे

क्यूबा बेट फ्लोरिडाच्या दक्षिण टोकापासून अवघ्या ९० मैलांवर आहे. ये-जा फार जुनी. सिगार वळणारे क्यूबन कामगार एकोणिसाव्या शतकातच फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात आले. तिथे १९०५ मध्ये सुरू झालेले ‘कोलंबिया’ हे हॉटेल आजही चालू आहे. डुकराचे भाजलेले मांस, हॅम, चीज, काकडीचे लोणचे आणि मोहरी घातलेले, दाबून भाजलेले क्यूबन सँडविच मूळचे टॅम्पाचे की मायामीचे, हा वाद दोन्ही शहरांत हिरिरीने चालतो. टॅम्पावाले त्यात सलामी घालतात. मायामीवाल्यांना ते पटत नाही.

मायामीतली गर्दी मात्र १९५९ नंतरची. त्या वर्षी १ जानेवारीला क्यूबाचा हुकूमशहा बातिस्ता पळून गेला आणि फिडेल कॅस्ट्रो यांची क्रांती यशस्वी झाली. जमिनी, कारखाने, दुकाने सरकारजमा होऊ लागली. १९६२ पर्यंत सुमारे अडीच लाख माणसांनी देश सोडला. १९६० ते १९६२ या काळात १४ हजारांहून अधिक मुलांना आईवडिलांनी एकटेच विमानात बसवून अमेरिकेला पाठवले. पुढे १९८० मध्ये मारिएल बंदरातून काही महिन्यांत सव्वा लाख लोक बोटींनी आले. १९९४ मध्ये तर तीस हजारांहून अधिक माणसे लाकडे आणि टायरच्या ट्यूब बांधून केलेल्या तराफ्यांवर समुद्रात उतरली. त्या पाण्यात किती जण बुडाले, याची मोजदाद कोणाकडेच नाही.

पहिल्या लाटेत आलेल्यांची खात्री होती, की हे थोड्या दिवसांचेच आहे. पुढचा नाताळ आपल्याच घरी, असे म्हणत त्यांनी अनेक नाताळ घालवले. क्यूबात घर सांभाळणाऱ्या बायका इथे शिवणकामाच्या कारखान्यांत लागल्या. संध्याकाळी स्वयंपाकाला त्राण उरेना. तेव्हा घरोघरी एकावर एक रचलेल्या पत्र्याच्या डब्यांतून जेवण पोहोचू लागले. या डब्यांना ‘कांतिना’ म्हणत. मुंबईच्या डब्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. पण गरज तीच होती. दिवसभर परक्यासाठी राबलेल्या माणसाला रात्री आपल्या घरची चव हवी असते.

फेलिपे वाल्स हे याच लाटेतले. सांतियागो दे क्यूबा हे त्यांचे गाव. १९६० मध्ये ते कुटुंबासह मायामीत आले. त्यांनी कॉफीची यंत्रे बाहेरून मागवून विकण्याचा उद्योग केला. रस्त्यावरच्या कॉफीच्या खिडक्या मायामीत रुजवण्याचे श्रेय त्यांनाच दिले जाते. १९७१ मध्ये त्यांनी व्हर्साय सुरू केले. मालक आणि गिऱ्हाईक दोघेही घर सोडून आलेले. त्यामुळे इथे वाढले जाणारे जेवण ‘जसे तिकडे होते तसेच’ असण्याला फार महत्त्व आले.

बेटावर जे दुर्मिळ झाले

एक विचित्र गोष्ट पुढे घडली. ज्या पदार्थांच्या आठवणीने मायामीतली माणसे व्याकूळ होत, ते खुद्द क्यूबातच मिळेनासे झाले. १९६२ मध्ये अमेरिकेने व्यापारबंदी घातली. त्याच वर्षी क्यूबात रेशनकार्ड आले. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि तिथून येणारी मदत आटली. तेव्हा तर बेटावर उपासमारीची वेळ आली. गाय परवानगीशिवाय मारणे हा तिथे गुन्हा. म्हणून रोपा बिएहाही घरच्या जेवणातून जवळपास नाहीसा झाला. १९९० च्या दशकात सरकारने लोकांना घरातच छोटी खानावळ चालवायला परवानगी दिली. पण फक्त १२ खुर्च्यांची! या खानावळींना ‘पालादार’ म्हणतात. त्या काळी क्यूबात गाजलेल्या एका ब्राझिलियन दूरदर्शन मालिकेतली नायिका याच नावाचे हॉटेल चालवत असे, तिथून हे नाव आले.

त्यामुळे बेटावरून नव्याने आलेला तरुण व्हर्सायमध्ये पहिल्यांदा जेवायला बसतो, तेव्हा आजीच्या तोंडून नुसते ऐकलेले काही पदार्थ त्याला इथे, परक्या देशात, खायला मिळतात.

बातमी आली, खिडकीवर चला

क्यूबाबद्दल काहीही घडले, की मायामीतली माणसे व्हर्सायपाशी जमतात. वृत्तवाहिन्यांचे कॅमेरेही तिथेच येतात. अमेरिकेत निवडणुकीला उभा राहणारा पुढारी या खिडकीवर कॉफी पिऊन फोटो काढून घेतल्याशिवाय राहत नाही. इथल्या मतांची किंमत त्याला ठाऊक असते.

२५ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री फिडेल कॅस्ट्रो यांचे निधन झाले. मध्यरात्र उलटून गेली तरी माणसे घरातली पातेली आणि डाव घेऊन, ती वाजवत व्हर्सायसमोर येऊ लागली. कोणाच्या मरणाचा आनंद करावा का, असे बाहेरच्या माणसाला वाटले असेल. तिथल्या अनेकांच्या हातांत झेंड्याबरोबर आईवडिलांचे फोटो होते. या दिवसाची वाट पाहत ती माणसे परक्या मातीत गेली होती. आनंद होता आणि रडूही होते.

त्यानंतर काय झाले? क्यूबातली राजवट बदलली नाही, आणि फारसे कोणी सामान बांधून परतही गेले नाही. तोवर मायामीत मुले झाली होती, नातवंडे शिकली होती, कबरीही इथेच झाल्या होत्या. फेलिपे वाल्स नोव्हेंबर २०२२ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी वारले. हॉटेलच्या कारभारात त्यांच्या नंतरच्या दोन पिढ्या आल्या आहेत.

लिटल हवानाही आता पूर्वीचे राहिलेले नाही. निकाराग्वा, होंडुरास अशा देशांतून आलेली कुटुंबे तिथे राहतात. क्यूबन कुटुंबांतली बरीच मुले उपनगरांत गेली. जागांचे भाव वाढले, पर्यटकांच्या बसगाड्या येऊ लागल्या. नातवंडांचे स्पॅनिश अडखळते. पण ऑर्डर देताना ती स्पॅनिशच बोलतात, कारण ‘रोपा बिएहा’ला इंग्रजीत काय म्हणायचे, हे त्यांना कोणी शिकवलेलेच नाही.

फाळणीनंतर कराची, लाहोर सोडून आलेल्या कुटुंबांना हे सारे समजावून सांगावे लागणार नाही. गाव सुटते, तेव्हा घर, जमीन, भांडीकुंडी काहीच बरोबर आणता येत नाही. आणता येते ती हातातली चव. तीही कोणी रोज रांधली आणि कोणी रोज येऊन खाल्ली, तरच टिकते. काये ओचोवरची ती खिडकी पन्नासहून अधिक वर्षे हेच काम करत आली आहे. पूर्वी तिथे परतीची वाट पाहणारे उभे असत. आज त्यांची नातवंडे, काल-परवा बेटावरून आलेली तरुण मुले आणि रस्त्याने जाणारे कोणीही उभे असते. कोलादा आली, की छोटे पेले सगळ्यांच्या हातात जातात.

घरी करून पाहा : क्यूबन पद्धतीची उसळ

काळा घेवडा न मिळाल्यास राजमा घ्यावा. एक वाटी राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात एक तमालपत्र घालून कुकरमध्ये मऊ शिजवावा. कढईत तीन चमचे तेल तापवून एक कांदा, एक भोपळी मिरची आणि सहा पाकळ्या लसूण बारीक चिरून मंद आचेवर परतावे. मऊ झाल्यावर एक लहान चमचा जिरेपूड आणि अर्धा चमचा ओरेगॅनो घालावा. शिजलेला राजमा पाण्यासकट घालून थोडे दाणे चमच्याने ठेचावेत, म्हणजे रस दाट होतो. मीठ घालून दहा-पंधरा मिनिटे उकळू द्यावे. उतरवताना एक चमचा व्हिनेगर व चिमूटभर साखर घालावी. गरम भातावर वाढून वर कच्चा कांदा भुरभुरावा. सोबत पिकलेल्या राजेळी केळ्याचे तळलेले काप असले, तर फारच छान.