उचल

उचल : काम सुरू होण्यापूर्वी मजुराने मालकाकडून अथवा मध्यस्थाकडून घेतलेली आगाऊ रक्कम व तिच्या आधारे ठरणारा श्रमकरार. मराठवाड्यातील नांदेड व लातूर जिल्ह्यांत हा करार प्रामुख्याने दोन रूपांत आढळतो : शेतमालकाकडे वर्षाच्या बोलीने राहणाऱ्या सालगड्याचा आणि साखर कारखान्यांसाठी ऊस तोडणाऱ्या मजुरांचा. दोन्ही प्रकारांत मेहनतान्याचा मोठा भाग कामाआधीच हाती येतो. त्यामुळे मजूर कामाला लागतो, त्या दिवशीच तो ऋणको झालेला असतो. या कराराचे बहुतेक बरेवाईट परिणाम या एका गोष्टीतून उद्‌भवतात.

सालगडी : सालगड्याचे साल गुढीपाडव्याला सुरू होते व पुढील पाडव्याला संपते. त्यापूर्वी काही दिवस बोलणी होऊन रक्कम, धान्य व कपडालत्ता यांविषयी ठराव होतो. करार बहुधा तोंडी असतो. अलीकडे काही ठिकाणी तो मुद्रांकित कागदावरही लिहून घेतात. नांगरणी, पेरणी, जनावरांचे दाणावैरण, रात्रीचे पाणी देणे व पिकाची राखण ही कामे सालगड्याकडे असून कामाच्या तासांना मर्यादा नसते. पुष्कळदा तो कुटुंबासह शेतावरील आखाड्यावरच राहतो. गैरहजेरीच्या दिवसाला ‘खाडा’ म्हणतात व त्याची रक्कम हिशेबातून वजा होते. मुदतीपूर्वी काम सोडल्यास उचललेल्या रकमेचा उरलेला भाग परत करावा लागतो. शहरांकडील स्थलांतरामुळे सालगडी मिळणे कठीण होत गेल्याने त्यांचे दर वाढले आहेत आणि बोलीत मजुराची बाजू पूर्वीपेक्षा सावरली आहे.

ऊसतोड मजूर : बालाघाटच्या डोंगराळ, कोरडवाहू पट्ट्यातील मुखेड, कंधार (जि. नांदेड), जळकोट, अहमदपूर (जि. लातूर) इ. तालुक्यांतील गावांतून व बंजारा तांड्यांतून अनेक कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील कारखान्यांकडे, तसेच मराठवाड्यातीलच बागायती भागांकडे ती जातात. हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. पतिपत्नींची जोडी हा मजुरीचा एकक असून त्यास ‘कोयता’ असे म्हणतात. अनेक कोयत्यांची मिळून टोळी होते व तिचा प्रमुख मुकादम असतो. कारखान्याचा अथवा वाहतूक ठेकेदाराचा करार मुकादमाशी होतो. मजुराची बोली मात्र केवळ मुकादमाशी असते. परिणामी मजुराचा नियोक्ता नेमका कोण, हा प्रश्न अनिर्णित राहतो.

पावसाळ्यात, म्हणजे घरात पैसा नसताना, मुकादम उचल वाटतो. लग्न, आजारपण, जुने देणे व पेरणी यांसाठी ती खर्च होते. बँकेत तारण ठेवण्यास काही नसलेल्या कुटुंबाला एवढी रक्कम एकरकमी देणारा दुसरा कोणी नसतो, हे या पद्धतीच्या टिकाऊपणाचे मुख्य कारण होय. हंगामात तोडलेल्या उसाच्या टनांवर मजुरी धरून ती उचलीतून वजा केली जाते. हिशेब मुकादमाच्या वहीत राहतो. पावसाने तोड थांबली, जोडीपैकी एकजण आजारी पडला वा खाडे झाले, तर उचल फिटत नाही आणि बाकी पुढील हंगामावर जाते. तेव्हा मजुराला त्याच मुकादमाकडे जाणे भाग पडते. खाड्याच्या भीतीने दुखणे अंगावर काढण्याची प्रवृत्ती वाढते. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आल्यावर २०१९ मध्ये राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. दुसरीकडे, उचल घेऊन मजूर निघून गेल्यास कारखान्याचे वा ठेकेदाराचे देणे मुकादमावर येते व तोही कर्जात बुडतो.

इतर देशांतील साम्य : आगाऊ रकमेने श्रम बांधून घेण्याची रीत केवळ येथलीच नव्हे. १८४७ ते १८७४ या काळात एक लाखाहून अधिक चिनी मजूर क्यूबातील उसाच्या मळ्यांवर नेण्यात आले. त्यांचा करार आठ वर्षांचा, दरमहा चार पेसो वेतनाचा असे. चिनी व स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत तो छापलेला असे. प्रवासापूर्वी दिलेली रक्कम वेतनातून कापली जाई. १८६० च्या नियमांनुसार मुदत संपलेल्या मजुराला पुन्हा करार करणे किंवा बेट सोडणे एवढाच पर्याय उरला. चेन लानपिन यांच्या नेतृत्वाखालील चिनी आयोगाने १८७४ मध्ये एक हजाराहून अधिक मजुरांच्या जबान्या घेतल्या. त्याच वर्षी मकाव बंदरातून होणारी ही वाहतूक बंद झाली. मॉरिशसला गेलेल्या कोकणातील मराठी मजुरांचे करारही याच जातीचे होते. ‘अ‍ॅग्रीमेंट’ या शब्दावरून त्यांस ‘गिरमिट’ हे नाव पडले. समुद्रापार गेलेल्या मजुराला मुदतीपूर्वी परतणे फार अवघड असे व कराराच्या पाठीशी राज्यसत्तेचा दंड असे. मराठवाड्यातील उचलीमागे असा दंड नाही. तेथे बाकीचा धाक व गावातील पत हेच बंधन ठरते.

कायदा : ब्रिटिश हिंदुस्थानात १८५९ च्या अधिनियमाने आगाऊ रक्कम घेऊन काम न करणे दंडनीय ठरविले होते, तो १९२५ मध्ये रद्द करण्यात आला. नांदेड व लातूर हे प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. त्या संस्थानात, मुख्यतः तेलंगणात, ऋणापोटी चाकरीस बांधलेल्या मजुराला ‘भगेला’ म्हणत. वेठबिगार पद्धती निर्मूलन अधिनियम, १९७६ यात भगेला पद्धतीचा नामनिर्देश आहे. या अधिनियमाने असे ऋण फेडण्याची जबाबदारीच नष्ट केली. घटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने सक्तीच्या श्रमास मनाई केली आहे. किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात करून घेतलेले काम हेही सक्तीचे श्रमच होत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये म्हटले.

ऊसतोडीचे दर साखर संघ व मजूर संघटना यांच्यातील करारांनी ठरतात. जानेवारी २०२४ मध्ये त्यांत ३४ टक्के वाढ मान्य झाली. मजुरांच्या कल्याणासाठी लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ असून त्याच्या निधीसाठी कारखान्यांकडून प्रत्येक टन उसामागे दहा रु. घेण्याचे ठरले. तथापि दरवाढीने उचलीचे बंधन आपोआप सुटत नाही. दर वाढले की उचलीची रक्कमही वाढते. मजुराच्या हाती स्वतंत्र लेखी हिशेब, नियोक्त्याची निश्चिती आणि पावसाळ्यात अन्यत्र मिळणारे कर्ज या तीन गोष्टींवर उचल ही सोय राहते की बंधन होते, हे अवलंबून असते.