पातेल्यातला अननसभात आणि डब्यातली ऊब

‘कॅसरोल’ हा शब्द मराठी घरात आला तो चपात्यांच्या डब्याचं नाव म्हणून. आत स्टील, बाहेर प्लास्टिक, सकाळच्या चपात्या दुपारपर्यंत मऊ ठेवणारा आणि लग्नाच्या आहेरात हमखास येणारा. फ्रेंचमधून इंग्रजीत आलेल्या या शब्दाचा तिथला अर्थ वेगळा आहे. ज्या खोलगट भांड्यात पदार्थ शिजवायचा आणि त्याच भांड्यातून वाढायचा, ते कॅसरोल. त्यात शिजलेला पदार्थही कॅसरोलच. म्हणजे तिकडे तो शिजवण्याचा शब्द आणि आपल्याकडे ऊब टिकवण्याचा. भात चार जणांनी वाटून खायचा असेल, तर या दोन गोष्टींमधलं अंतर नीट समजून घ्यावं लागतं. तिथे पोट बिघडण्याचा प्रश्न आहे.

अमेरिकेत एकत्र जमून जेवण्याच्या प्रसंगी ‘हवाईयन’ नावाचा एक भात बरेच जण करून नेतात. भात, अननसाचे तुकडे, ढोबळी मिरची, हॅम, वर चीज, आणि सगळं एकाच भांड्यात. त्यात हवाई बेटांचं अस्सल असं फारसं काही नाही. अननस मूळचा दक्षिण अमेरिकेचा. तांदूळ तिथे रुजला तो ऊसमळ्यांवर आलेल्या चिनी आणि जपानी मजुरांमुळे. १९०१ मध्ये जेम्स डोल यांनी तिथे अननसाची कंपनी काढली, डबाबंद अननस जगभर गेला आणि अननस घातलेल्या कुठल्याही पदार्थाला हवाईचं नाव चिकटलं. ‘हवाईयन पिझ्झा’ तर १९६२ मध्ये कॅनडात जन्मला, आणि तोही एका ग्रीक माणसाच्या हातून. आपल्याकडे हे फळ पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणलं आणि ‘अननस’ हे नावही त्यांच्याच भाषेतून आलं. अननसाचा शिरा आणि गोव्याकडचं अननसाचं सासव ज्यांना परकं वाटत नाही, त्यांना अननसाचा भातही वाटू नये.

हा भात जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यासारख्या गावात करायचा झाला, तर ओव्हन नसल्याने काहीच अडत नाही. खर्डा म्हणजे १७९५ च्या मराठे-निजाम लढाईचं गाव. भाकरीबरोबरचा मिरचीचा खर्डा वेगळा. हा मुलूख पर्जन्यछायेतला, ज्वारीचा. जिल्ह्यात भात पिकतो तो मुख्यतः दूर पश्चिमेला, अकोल्याच्या डोंगराळ भागात. त्यामुळे इकडे रोजचं जेवण भाकरीचं, आणि भात मोठ्या पातेल्यात शिजतो तो लग्नाला, सप्ताहाला, भंडाऱ्याला. म्हणजे इथला मोठा भात मुळातच वाटून खाण्याचा पदार्थ आहे.

बारा-तेरा माणसांसाठी एक किलो तांदूळ पुरतो. कोलमसारखा मोकळा होणारा घ्यावा. इंद्रायणी आणि आंबेमोहोर चिकट होतात, ते वरणाबरोबर चांगले. हॅमच्या जागी हरभरे. पाव किलोहून थोडे जास्त, सुमारे ३०० ग्रॅम हरभरे रात्रभर भिजवून, मीठ घालून कुकरमध्ये मऊ शिजवून घ्यावेत. ते आधीच शिजवायचे, कारण आंबट पदार्थाच्या संगतीत कडधान्याचं साल आणि गर लवकर मऊ होत नाही. चिंच घातल्यावर डाळ शिजायची थांबते, हा अनुभव अनेकांना असतो. अननसही तेच करतो.

जाड बुडाच्या पातेल्यात तेल तापवून जिरं, आलं, लसूण, हिरवी मिरची आणि चार कांदे परतावेत. धुऊन निथळलेले तांदूळ त्यात दोन-तीन मिनिटं परतून हरभरे, मीठ आणि तांदळाच्या मापाने दुपटीला थोडं कमी उकळतं पाणी घालावं. पाणी आटून तांदळाच्या पातळीला आलं की वरून मध्यम आकाराच्या एका अननसाच्या फोडी, तीन ढोबळ्या मिरच्यांचे तुकडे, लिंबाएवढा गूळ आणि ओलं खोबरं पसरावं. घट्ट झाकण ठेवून पातेल्याखाली तवा सरकवावा आणि मंद आचेवर पंधरा ते वीस मिनिटं वाफ येऊ द्यावी. चुलीवर असेल तर झाकणावर चार निखारे ठेवावेत. ओव्हन तरी दुसरं काय करतो! वाढताना मूठ-दोन मूठ भाजलेले शेंगदाणे, साधारण दीडशे ग्रॅम, वरून घालावेत. त्याआधी घातले तर ते मऊ पडतात.

भांड्याबद्दल एक सूचना. पंगतीची जुनी पातेली पितळेची असतात. कल्हई उडालेल्या पितळेत किंवा तांब्यात अननसासारखा आंबट पदार्थ शिजवला की धातू अन्नात उतरतो. अन्न कळकतं म्हणतात ते हेच. असं अन्न पोटात गेलं तर लगेचच मळमळ आणि उलट्या होऊ शकतात. कल्हई शाबूत नसेल तर हा भात स्टीलच्याच पातेल्यात करावा.

कच्चा अननस खाल्ल्यावर जीभ चुरचुरते, त्याला बऱ्याच अंशी ब्रोमेलेन हे प्रथिनं तोडणारं विकर कारणीभूत असतं. दह्यात किंवा दुधात कच्चा अननस घालून ठेवला तर काही वेळाने कडवटपणा येतो, तोही याचमुळे. हे विकर उष्णतेने निकामी होतं. पातेल्यातल्या वाफेत त्याचं काम संपतं. ज्यांना चीजऐवजी पनीर घालायचं आहे, त्यांनी ते अननस चांगला वाफवल्यावरच घालावं. डबाबंद अननस आधीच तापवलेला असतो, त्यामुळे त्याची ही कटकट नाही, पण तो साखरेच्या पाकातला असतो. मग गूळ वगळावा.

या भाताचा खरा फायदा अननसात नाही, हरभऱ्यात आहे. एक किलो तांदळात साधारण ७० ग्रॅम प्रथिनं असतात. ३०० ग्रॅम हरभऱ्यांतून सुमारे ६० आणि दीडशे ग्रॅम शेंगदाण्यांतून ३५ ते ४० ग्रॅम मिळतात. म्हणजे त्याच पातेल्यातली प्रथिनं दुपटीच्या वर जातात. शिवाय तांदळाच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडतं, ते हरभरा भरून काढतो. हरभऱ्यातलं लोह शरीरात शोषलं जायला ‘क’ जीवनसत्त्वाची मदत होते. ते अननसात आहे, पण शिजवताना त्यातलं बरंचसं नष्ट होतं. म्हणून चार फोडी कच्च्याच बाजूला ठेवून पानात वाढाव्यात.

एका भांड्यातल्या अन्नाने गावाचं आरोग्य सुधारण्याची कल्पना या तालुक्याला नवी नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. लोकांची पहिली गरज औषधाची नसून अन्नाची आणि पाण्याची आहे, हे त्यांच्या लवकरच लक्षात आलं. त्या दुष्काळी वर्षांत लहान मुलांसाठी गावात सामूहिक स्वयंपाक करणं हा त्यांच्या कामाचा भाग होता. पुढे गावातल्याच स्त्रिया आरोग्यसेविका झाल्या आणि १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आता ऊब टिकवण्याकडे. भात शिजला, पंगत उठली आणि पातेलं अर्धं उरलं. इथपर्यंत काही बिघडलेलं नसतं. बिघडायला सुरुवात होते ती यानंतर.

मातीत सर्वत्र आढळणारा ‘बॅसिलस सिरियस’ नावाचा एक जिवाणू आहे. फ्रँकलंड दांपत्याने १८८७ मध्ये त्याचं वर्णन केलं. शेतातून तो तांदळाबरोबर घरात येतो. तांदूळ कितीही धुतले तरी तो पुरता जात नाही. प्रतिकूल परिस्थितीत तो स्वतःभोवती टणक कवच घेऊन बीजाणू बनतो आणि हे बीजाणू उकळत्या पाण्यातही जिवंत राहू शकतात. भात शिजताना बाकीचे बहुतेक जिवाणू मरतात आणि याला मोकळं रान मिळतं. भात कोमट झाला की बीजाणू जागे होतात, वाढू लागतात, आणि त्यांच्या काही जाती सेरुलाइड नावाचं विष भातात सोडतात. हे विष विलक्षण चिवट आहे. कुकरमधल्या तापमानालाही ते नष्ट होत नाही. म्हणूनच ‘परत चांगला गरम केला की झालं’ हा समज इथे घात करतो. गरम केल्याने जिवाणू मरतील, पण आधी तयार झालेलं विष तसंच राहील. वासावरून किंवा चवीवरूनही ते ओळखता येत नाही.

इंग्लंडमध्ये १९७१ पासून चिनी उपाहारगृहांतला फ्राइड राइस खाऊन उलट्या झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या, तेव्हा हा प्रकार नीट उलगडला. तिथले स्वयंपाकी भात मोठ्या प्रमाणात शिजवून रात्रभर बाहेर ठेवत आणि दुसऱ्या दिवशी परतत. फ्रिजमध्ये ठेवलेल्या भाताचे गोळे होतात, तो मोकळा परतता येत नाही, एवढंच त्यामागचं कारण होतं. फोडणीचा भात करणाऱ्या कुठल्याही घराला हे कारण लगेच पटेल.

हा जिवाणू साधारण १० ते ५० अंश सेल्सिअसमध्ये वाढतो आणि तिशी-पस्तिशीत सर्वात जोमाने. म्हणजे एप्रिल-मे महिन्यातलं खर्ड्याचं स्वयंपाकघर त्याच्या अगदी सोयीचं. अनुकूल तापमानात तो अर्ध्या-अर्ध्या तासाने दुप्पट होतो असं धरलं, तर सहा तासांत एकाचे चार हजारांवर होतात. त्यात मोठं पातेलं लवकर निवत नाही. एक किलो तांदळाचा तीन किलोच्या आसपास भात होतो. वरचा थर हाताला गार लागला तरी मध्यभाग कित्येक तास कोमट राहतो. चपात्यांच्या डब्यातही भाताचं हेच होतं. वाफाळता भात काठोकाठ भरून झाकण बंद ठेवलं तर काही वेळ तो पुरेसा गरम राहतो. पण डबा अर्धा रिकामा असला आणि सारखा उघडला गेला, की तो गरमही राहत नाही आणि गारही होत नाही. ऊब टिकवणारं भांडं तेव्हा जिवाणूंसाठी उबवणीचं यंत्र होतं.

नियम सोपा आहे: भात एकतर ६० अंशांच्या वर ठेवा, नाहीतर लवकर ५ अंशांच्या खाली न्या. घरात तापमापक नसतो. पण ६० अंशांचा भात इतका गरम असतो की त्यात बोट ठेवून राहता येत नाही. लगेच घास घेता येईल इतपत उबदार भात ‘गरम ठेवलेला’ नव्हे. पंगत लांबणार असेल तर पातेलं मंद आचेवर झाकून ठेवावं, किंवा भात दोन हप्त्यांत शिजवावा. उरलेला भात पातेल्यात न ठेवता स्वच्छ परातीत दोन बोटं जाडीचा पसरावा, पंख्याखाली वाफ जाऊ द्यावी आणि शिजल्यापासून दोन तासांच्या आत उथळ डब्यांतून फ्रिजमध्ये ठेवावा. मोठं गरम पातेलं तसंच फ्रिजमध्ये सरकवलं तर आतला भात कोमटच राहतो, वर शेजारचं दूधही तापतं. फ्रिजमधला भात दुसऱ्या दिवशी संपवावा आणि एकदाच गरम करावा. वीज आठ-आठ तास जात असेल तर फ्रिजवर विसंबू नये. शेजारी वाटून टाकणं बरं, आणि तेही त्याच संध्याकाळी गरम असतानाच.

मग पिढ्यान्‌पिढ्या खाल्लेल्या फोडणीच्या भाताचं काय? तो बहुतेकदा बाधत नाही, कारण घरात उरतो वाटी-दोन वाटी भात, तो लवकर निवतो आणि सकाळी लवकर संपतो. हिवाळ्यात तर धोका आणखी कमी. भंडाऱ्याच्या पातेल्याला हा हिशेब लागू पडत नाही. अननसाच्या आंबटपणानेही फसू नये; फळ आंबट असलं तरी एवढ्या भातात मिसळल्यावर भात जिवाणू रोखण्याइतका आंबट होत नाही. गार केलेल्या भातातला काही स्टार्च पचायला जड होतो आणि रक्तातली साखर थोडी सावकाश वाढते, म्हणून मधुमेहींसाठी शिळा भात चांगला, असा सल्ला मोबाइलवर फिरतो. त्यातलं विज्ञान बरोबर आहे. पण तो भात फ्रिजमध्ये गार केलेला हवा, ओट्यावर रात्र काढलेला नको.

विषबाधा झालीच तर उलट्या अर्ध्या तासापासून सहा तासांत सुरू होतात. याच जिवाणूचा दुसरा प्रकार सहा ते पंधरा तासांनी पोटात कळ आणि जुलाब आणतो. बहुतेकांना दिवसभरात उतार पडतो. यकृतावर गंभीर परिणाम झाल्याची उदाहरणं आहेत, पण ती विरळ. तोवर जलसंजीवनी घोट-घोट देत राहावी. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. लहान मूल, गरोदर स्त्री किंवा वृद्ध व्यक्ती असेल, लघवी कमी झाली असेल, गुंगी येत असेल, शौचातून रक्त पडत असेल किंवा पाणीही पोटात टिकत नसेल, तर घरी न थांबता जवळचं आरोग्य केंद्र गाठावं. जाताना भात कधी शिजला आणि किती वाजता खाल्ला, हे लिहून न्यावं. डॉक्टर सर्वात आधी तेच विचारतात.