हातातली फाइल नेमकी कुठली?

घोडपदेवच्या आमच्या खोलीत संध्याकाळचे सात वाजले की जिन्यावर पावलं वाजायला लागतात. दिवसभर त्याच टेबलावर मी रे रोड आणि दारूखान्याकडच्या वर्कशॉपमधून आलेली कार्डं दुरुस्त करत असतो. कुठे वेल्डिंग मशीनचं, कुठे कॉम्प्रेसरचं, कुठे क्रेनच्या पॅनेलचं. संध्याकाळी सोल्डर बाजूला सरकतं आणि तीन-चार मुलं लॅपटॉप उघडून बसतात. कुणी डिप्लोमाला आहे, कुणी आयटीआयला, एक जण मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला. त्यांना पीसीबीची, म्हणजे सर्किट बोर्डाची, डिझाइन फाइल उघडायला, वाचायला आणि तिच्यात बदल करायला शिकायचं असतं.

जळालेला ट्रॅक खरवडून त्यावर जंपर टाकायला ही मुलं कचरत नाहीत. पण एखादी झिप फाइल उघडली आणि आत दहा-बारा अनोळखी नावं दिसली की त्यांचा हात थांबतो. त्यामागे बहुतेक वेळा कुणाकडून तरी ऐकलेल्या समजुती असतात. त्याच समजुती वर्षानुवर्षं ऐकतोय, म्हणून एकदा त्या नीट लिहून काढतो.

सगळ्यांत जास्त ऐकू येते ती पैशांची. ‘फाइल बघायची तर महागडं सॉफ्टवेअर लागतं, नाहीतर चोरीची कॉपी टाकावी लागते.’ दोन्ही खोटं आहे. ‘किकॅड’ हे सॉफ्टवेअर पूर्णपणे मोफत आणि मुक्त आहे. फ्रान्समधल्या ग्रनोबल इथे शिकवणाऱ्या जाँ-पिएर शरास यांनी १९९२ मध्ये ते लिहायला घेतलं. पुढे २०१३ पासून ‘सर्न’ या युरोपातल्या अणुसंशोधन संस्थेने त्याच्या विकासाला हातभार लावला. त्यात सर्किटचं चित्र काढता येतं, बोर्ड आखता येतं, आणि कारखान्यासाठी तयार झालेल्या फाइली तपासायला वेगळा दर्शकही आहे. नुसतं बघायचंच असेल तर ‘गर्बव्ही’ हा छोटा मोफत प्रोग्रॅम पुरतो.

आपल्याच मुंबईत, पवईच्या आयआयटीतल्या ‘फॉसी’ प्रकल्पाने किकॅड आणि सर्किटची चाचणी संगणकावर घेणारं एनजीस्पाइस यांना एकत्र गुंफून ‘ईसिम’ तयार केलं. सर्किट आखायचं, ते चालेल का हे संगणकावर तपासायचं आणि मग बोर्डाकडे वळायचं, हा सगळा प्रवास त्यात एका जागी होतो. इंग्रजीची भीती असलेल्यांसाठी तिथलाच ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्प आहे. पडद्यावर काम चालू असतं आणि समजावणारा आवाज सोबत असतो. हे धडे साधारण दहा मिनिटांचे असतात आणि प्रकल्पाचं काम मराठीसह अनेक भारतीय भाषांत चालतं. डिग्री आणि इंग्रजी यांच्याविना हे जमत नाही असं म्हणणाऱ्याला मी आधी तिकडे पाठवतो.

दुसरी समजूत अशी, की ही फाइल म्हणजे गुप्त लिपी. तिच्यासाठी माझ्याकडे एकच उपाय आहे. कारखान्याला जी ‘गर्बर’ फाइल पाठवतात, ती साध्या नोटपॅडमध्ये उघडायची. समोर मजकूर येतो. सुरुवातीच्या ओळींत फाइल आपला हिशेब सांगते: मापं मिलिमीटरमध्ये आहेत, आणि प्रत्येक आकड्यातले शेवटचे सहा अंक दशांशचिन्हानंतरचे आहेत. मग पेनाची जाडी येते: क्रमांक डी१०, गोल, ०.२५ मिलिमीटर. त्याखाली अशा ओळी:

एक्स२५४०००० वाय२५४०००० डी०२
एक्स५०८०००० वाय२५४०००० डी०१

डी०२ म्हणजे पेन उचलून त्या जागी जा. डी०१ म्हणजे रेघ ओढत जा. डी०३ असतं तर तिथल्या तिथे ठसा मार. म्हणजे या दोन ओळींनी डावीकडून २.५४ मिलिमीटरवर सुरू होऊन ५.०८ वर थांबणारी आडवी रेघ काढली. लांबी २.५४ मिलिमीटर, म्हणजे इंचाचा दहावा भाग. जुन्या पद्धतीच्या आयसीच्या दोन शेजारच्या पायांत बरोबर एवढंच अंतर असतं. मुलं पट्टी काढून आयसीवर धरतात, पुन्हा पडद्याकडे बघतात, आणि फाइलची भीती तिथेच संपते.

हे पेन खरंच होतं, फक्त प्रकाशाचं. व्हिएन्नात जन्मलेले आणि १९४० मध्ये अमेरिकेत आलेले जोसेफ गर्बर यांच्या कंपनीने फोटोप्लॉटर बनवले. वेगवेगळ्या आकारांच्या झरोक्यांतून प्रकाश टाकून ते फिल्मवर ट्रॅक आणि पॅड उमटवायचे. त्या यंत्राला द्यायच्या आज्ञा म्हणजे गर्बर फाइल. यंत्रं बदलली, तरी आज्ञांची ही भाषा टिकली. आज तिचा सांभाळ बेल्जियममधली युकामको ही कंपनी करते.

आता ज्या गैरसमजाने सर्वाधिक नुकसान होतं, तो. ‘गर्बर मिळाली म्हणजे डिझाइन मिळालं. तिच्यातच बदल करायचा आणि पाठवायचं.’

गिरगाव किंवा लोअर परळच्या छापखान्यात कधी गेला असाल तर हे पटकन कळेल. चार रंगांची लग्नपत्रिका छापायची तर चार प्लेटा लागतात. प्रत्येक प्लेटेवर एकाच रंगाचा भाग असतो, आणि चारही एकमेकांवर तंतोतंत बसाव्या म्हणून कोपऱ्यांत खुणा असतात. गर्बर फाइली म्हणजे बोर्डाच्या प्लेटा. वरच्या तांब्याची एक, खालच्या तांब्याची एक, तांबं झाकणाऱ्या हिरव्या थराच्या, म्हणजे मास्कच्या, दोन, अक्षरांच्या पांढऱ्या छपाईची एक, बाहेरच्या कडेची एक. भोकांची फाइल त्यांहून निराळी.

प्लेटेवर ‘चि.’चा ‘चि. सौ. कां.’ करता येईल का? कसबी कारागीर एखादं अक्षर खरवडेलही. पण संगणकातली मूळ पत्रिका तशीच राहते, आणि पुढच्या छपाईत चूक परत येते. बोर्डाचं तर याहून अवघड आहे. मूळ फाइलीला ठाऊक असतं की ही रेघ पाच व्होल्टची आहे आणि ती अमुक रेझिस्टरच्या दुसऱ्या पायाला जाते. गर्बरला सामान्यतः एवढंच ठाऊक असतं की इथून तिथपर्यंत तांबं आहे. नव्या आवृत्त्यांत जोडण्यांची नावं सोबत देण्याची सोय आहे, पण तरीही ती फाइल सर्किटची जागा घेत नाही. त्यामुळे गर्बरमध्ये एखादा पॅड सरकवला तर त्याला जोडलेली रेघ जागेवरच राहते. मास्कच्या फाइलीतली खिडकी जुन्याच जागी राहते, भोकही जुन्याच जागी. एक बदल पाच ठिकाणी हाताने करायचा आणि एकही विसरायचा नाही, असा तो जुगार आहे. तातडीच्या वेळी जाणकार माणूस गर्बरमध्ये एखादी रेघ तोडतो, हे खरं आहे. शिकणाऱ्याने मात्र तिथून सुरुवात करू नये.

बदल मूळ फाइलीत करायचा. किकॅडमध्ये सर्किटची एक फाइल असते आणि बोर्डाची दुसरी. आधी सर्किट बदलायचं, मग बोर्डाला तो बदल कळवायचा, ट्रॅक नीट करायचे आणि सगळ्या गर्बर नव्याने काढायच्या. म्हणूनच कुणी झिप पाठवली की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हातात आहे ती फाइल कुठली? मूळ, की प्लेट?

सरावासाठी मूळ फाइली कुठून आणायच्या? जवळच आहेत. १८८७ मध्ये इथे आमच्या शेजारी भायखळ्यात सुरू झालेली आणि १९२३ मध्ये माटुंग्याला गेलेली व्हीजेटीआय सगळ्यांना माहीत असते. तिथल्या ‘सोसायटी ऑफ रोबोटिक्स अँड ऑटोमेशन’ या विद्यार्थ्यांच्या गटाने रोबो शिकवण्यासाठी ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरवर आधारलेलं स्वतःचं बोर्ड बनवलं आहे, आणि त्याचं हार्डवेअर डिझाइन सर्वांसाठी खुलं ठेवलं आहे. आपल्याच शहरातल्या मुलांनी आखलेलं बोर्ड थराथराने उलगडून बघण्यात जो आनंद आहे, तो पुस्तकातल्या आकृतीत मिळत नाही. मोटरला जाणारे ट्रॅक जाड का, सिग्नलचे बारीक का, हे मुलं स्वतःहून विचारायला लागतात. अर्डुइनोचीही कितीतरी बोर्डं अशीच खुली आहेत. त्यांतल्या बऱ्याच फाइली ‘ईगल’ या सॉफ्टवेअरच्या आहेत. ऑटोडेस्कने जून २०२६ पासून ईगल बंद करण्याचं २०२३ मध्येच जाहीर केलं, तेव्हा त्या फाइली वाया गेल्या असं अनेकांना वाटलं. गेल्या नाहीत, किकॅड त्या आयात करून घेतं. एक मात्र लक्षात ठेवायचं. खुलं म्हणजे बेवारस नव्हे. प्रत्येक डिझाइनसोबत परवाना असतो. नाव द्यायचं का, बदललेली फाइलही खुली ठेवायची का, हे त्यात लिहिलेलं असतं आणि ते पाळायचं असतं.

‘पडद्यावर दिसतं तसंच तांबं उमटतं.’ ही समजूत माझी स्वतःची होती, आणि तिने मला एक अख्खा रविवार रडवलं. लॅमिंग्टन रोडवरून तांब्याचा पत्रा आणि फेरिक क्लोराइड आणलं होतं. ५५५ आयसीचा साधा टायमर करायचा होता. खालच्या थराची छपाई करताना अक्षरं उलटी दिसली, म्हणून मी ती ‘सुलटी’ करून घेतली. गुळगुळीत कागदावर लेझर छपाई, वरून इस्त्री, मग द्रावणात बुडवणं, सगळं नीट झालं. आयसी बसवला, वीज दिली, आणि काही क्षणांत आयसीवर बोट ठेववेना.

झालं होतं ते असं. बोर्डाचं सॉफ्टवेअर खालचा थरही वरूनच दाखवतं, जणू बोर्ड काचेचं आहे. त्यामुळे खालची अक्षरं पडद्यावर उलटी दिसतात आणि तशीच दिसायला हवीत. कागद पत्र्यावर उपडा ठेवून इस्त्री केली की ती आपोआप सुलटी होतात. मी आधीच पलटवल्यामुळे तांब्यावर सगळं आरशातलं उमटलं. आठ पायांच्या आयसीत आरशातलं चित्र म्हणजे पहिल्या पायाच्या जागी आठवा. ५५५ चा पहिला पाय ग्राउंड आणि आठवा पुरवठ्याचा. वीज थेट उलटी गेली होती. तेव्हापासून खालच्या थरावर मी एक अक्षर मुद्दाम घालतो, ‘क’. कागदावर ते उलटं दिसलं तरच इस्त्री तापवायची.

मापांतही असाच घोटाळा होतो. ‘मिल’ म्हणजे मिलिमीटर असं धरून चालणारे पुष्कळ आहेत. गिरणगावात मिल म्हणजे गिरणी, आणि बोर्डाच्या कामात मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिलिमीटर. भोकांच्या जुन्या फाइलींत तर दशांशचिन्ह कुठे घ्यायचं हे कित्येकदा लिहिलेलंच नसतं. दर्शकाने चुकीचा अंदाज बांधला की सगळी भोकं एका कोपऱ्यात गोळा झालेली किंवा बोर्डाबाहेर उधळलेली दिसतात. अशा वेळी फाइल खराब झाली असं समजू नये. आधी मापाची पद्धत बदलून बघावी.

आता ‘डीआरसी’बद्दल. सॉफ्टवेअरमध्ये नियम तपासण्याचं बटण असतं. ते दाबलं आणि शून्य चुका आल्या की मुलं टाळ्या देतात. मी तेव्हा विचारतो, नियम कुणी लिहिले? तपासणी फक्त दिलेल्या नियमांपुरती असते. दोन ट्रॅकमध्ये किमान ०.२ मिलिमीटर जागा हवी एवढंच सांगितलं असेल, तर २३० व्होल्टचा ट्रॅक पाच व्होल्टच्या शेजारी ०.२ मिलिमीटरवर ठेवला तरी तपासणी बिनतक्रार पास करेल. माणूस मात्र त्या बोर्डाला हात लावून मरू शकतो. घरगुती वीज आणि कमी व्होल्टेजची बाजू यांच्यात मी सहा मिलिमीटरच्या आत येत नाही, आणि तो नियम फाइलीत लिहून ठेवायला प्रत्येक मुलाला लावतो.

ट्रॅकच्या जाडीचंही तसंच. रेघ ही तार आहे, आणि तार तापते. नेहमीच्या बोर्डावर तांब्याचा थर सुमारे ३५ मायक्रॉन असतो. आयपीसी-२२२१ या प्रचलित मानकातल्या सूत्राने, बाहेरच्या थरावर तापमान १० अंशांपेक्षा जास्त वाढू द्यायचं नसेल, तर एका अँपिअरला साधारण ०.३ मिलिमीटर रुंदी लागते. मग पाच अँपिअरला पाचपट, दीड मिलिमीटर? नाही. सुमारे २.८ मिलिमीटर, म्हणजे नऊपटीहून जास्त. माझ्याकडे येणाऱ्या जळक्या कार्डांत अशा उपाशी ट्रॅकची कार्डं नेहमी असतात. आखणाऱ्याने हा एक हिशेब केला असता तर ती माझ्या टेबलावर आलीच नसती.

मोबाइल दुरुस्तीतल्या ‘बोर्डव्ह्यू’ फाइलींविषयी थोडक्यात. दुकानांत त्यांना सर्रास सर्किट डायग्राम म्हणतात. त्या डायग्राम नव्हेत. कुठला भाग कुठे बसला आहे आणि त्याचा पाय कुठल्या जोडणीवर आहे, एवढं त्या दाखवतात. मीटरचं टोक कुठे लावायचं हे त्यातून कळतं. भाग तिथे का आहे, हे सर्किट बघूनच कळतं.

गेल्या महिन्यात डिप्लोमाच्या मुलाने पाण्याच्या टाकीसाठी पंप कंट्रोलरचं बोर्ड आखलं. आमच्या इमारतीच्या टाकीसाठीच. सर्किट तपासून झालं, नियमांची तपासणी झाली, गर्बर काढल्या, झिप तयार झाली. पाठवायच्या आधी मी त्याला ती झिप परत उघडायला लावली, आखणीच्या खिडकीत नव्हे तर दर्शकात. त्याने एकेक थर लावला. कड, खालचं तांबं, वरचं तांबं, मास्क. शेवटी भोकं. रिलेच्या पाचही पॅडवर भोकं बरोबर बसली होती, पण टर्मिनल ब्लॉकची भोकं छोटी वाटत होती. त्याने खोक्यातून खरा ब्लॉक काढला, व्हर्नियर लावला. पाय १.३ मिलिमीटरचा होता आणि फाइलीतलं भोक १ मिलिमीटरचं.

त्याने दर्शक बंद केला आणि मूळ फाइल उघडली.