लॉन चेनी: हातांनी बोलायला शिकलेला नट

लॉन चेनीचं नाव निघालं की आधी त्याची रंगभूषेची पेटी आठवते. 'हजार चेहऱ्यांचा माणूस' ही त्याची ख्याती. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकानं तर १९२९च्या आवृत्तीत चित्रपटातल्या रंगभूषेवरचा लेख त्याच्याकडूनच लिहून घेतला. तरीही मला तो मोठा वाटतो तो पेटीतल्या रंगांमुळे नव्हे. तो घडला घरात.

१ एप्रिल १८८३ला अमेरिकेतल्या कोलोराडो स्प्रिंग्ज गावी त्याचा जन्म झाला. आईवडील दोघेही मूकबधिर. पुढे आई संधिवातानं अंथरुणाला खिळली, तेव्हा गावात काय काय घडलं ते लहानगा लॉन तिला हातवाऱ्यांनी आणि चेहऱ्यानं करून दाखवी. याहून कडक तालीम कुठल्या नाटक कंपनीत मिळाली असती? गावच्या नाट्यगृहात पडद्यामागची कामं करता करता तो रंगमंचावर आला आणि संगीत-विनोदी खेळांच्या फिरत्या कंपन्यांतून गावोगाव हिंडला. १९१३मध्ये त्याची गायिका पत्नी क्लेव्हा हिनं लॉस एंजेलिसच्या नाट्यगृहात विष घेतलं. ती वाचली, पण संसार मोडला, आणि झालेल्या बोभाट्यानं रंगभूमीही सुटली. पोटासाठी तो युनिव्हर्सलच्या चित्रपटांत मिळेल ती किरकोळ कामं करू लागला.

'द मिरॅकल मॅन'मध्ये (१९१९) त्यानं लुळेपणाचं सोंग घेणारा भामटा रंगवला आणि नाव झालं. 'द पेनल्टी'साठी त्यानं पाय गुडघ्यात दुमडून मागे बांधले, आणि चामड्याच्या खोबणींत गुडघे रोवून तो चालला. 'द हंचबॅक ऑफ नोत्र दाम'मधला क्वासिमोडो (१९२३) आणि 'द फँटम ऑफ द ऑपेरा'मधला फँटम (१९२५) सर्वांना ठाऊक आहेत. 'टेल इट टू द मरीन्स'मधला करडा सार्जंट मात्र त्यानं मूळच्या चेहऱ्यानं केला, आणि तो तितकाच पकड घेतो.

माझ्या मते त्याचं सर्वोत्तम काम दिग्दर्शक टॉड ब्राउनिंगच्या 'द अननोन'मध्ये (१९२७) आहे. सर्कशीत पायांनी सुऱ्या फेकणारा अलोन्झो बिनहातांचा म्हणून मिरवतो, पण हात असतात आवळून बांधलेले. पुरुषांच्या हातांची धास्ती घेतलेल्या नॅनॉनसाठी तो ते खरोखरच कापून घेतो. परततो तेव्हा तिची भीती गेलेली असते आणि ती दुसऱ्याच्या मिठीत असते. ते कळल्यावर अलोन्झो हसतो. हसू वाढत जातं, फाटतं आणि त्याचाच आक्रोश होतो. पायांनी करायच्या करामतींसाठी पॉल डेस्मुक हा खरोखर हात नसलेला माणूस होता. तो हसण्याचा क्षण मात्र एकट्या चेनीचा. ज्याची पहिली भाषाच हातांची, त्यानं ती बाजूला ठेवून सगळं डोळ्यांवर आणि ओठांवर तोललं.

तो बोलपटाकडे वळला उशिरा, १९३०मध्ये, आपल्याच 'द अनहोली थ्री'च्या नव्या आवृत्तीसाठी. त्यात त्यानं पाच आवाज काढले आणि ते आपलेच असल्याचं प्रतिज्ञापत्रही केलं. चित्रपट लागल्यावर काही आठवड्यांतच, २६ ऑगस्टला, कर्करोगानं तो गेला. वय अवघं ४७.

'द मिरॅकल मॅन'चे काही मिनिटांचे तुकडेच उरलेत, त्याचा 'लंडन आफ्टर मिडनाइट' पार हरवलाय. 'द अननोन' मात्र आजही पाहता येतो. चेनी कधीच न पाहिलेल्यानं फँटमपासून नव्हे, इथून सुरुवात करावी.