बियाण्याचा दोडका

दसरा आटोपला की आमच्या घरामागची वाडी उतरणीला लागते. पावसाळाभर ज्या मांडवाखालून वाकून जावे लागे तो विरळ होतो, पाने पिवळी पडतात आणि दिवाळीपर्यंत नुसते बांबू दिसू लागतात. गेल्या सुट्टीत गावी आलेल्या एका वर्गमित्राने विचारले, "पाणी घातले तर वेल जगणार नाही का?" तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही. ते येथे देण्याचा प्रयत्न करतो.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीतील वाडी ही बहुधा पावसावरची. पहिल्या पावसात दोडका, काकडी, कोहळे, बरबटी लावायची आणि गुरे शिरू नयेत म्हणून कुंपण घालायचे. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मोसमी वारे विदर्भातून परततात आणि जमिनीतील ओल कमी होऊ लागते. पण वेल केवळ तहानेने मरत नाही. दोडका, काकडी यांचे आयुष्यच एका हंगामाचे. एखादे फळ वेलावर पिकू दिले की वेलाची शक्ती त्यातील बियांकडे वळते आणि नवी फळे कमी धरतात. कोवळी फळे वेळच्या वेळी तोडली तर वेल अधिक दिवस देतो, तो याच कारणाने. शिवाय दिवसा कोरडे ऊन आणि रात्री गारवा, अशा हवेत पानांवर पांढरी भुरी चढते. पाणी घातल्याने वेल काही दिवस रेंगाळेल, पण पुन्हा तरुण होणार नाही. वालाची तऱ्हा निराळी. दिवस लहान होऊ लागले की गावरान वाल फुलावर येतो. म्हणून दोडक्याचा मांडव मोकळा होतो तेव्हा कुंपणावर 'पोपटा'च्या शेंगा लागू लागतात.

परंतु वाडीचा शेवट म्हणजे नुसते वेल उपटणे नव्हे. खरे काम बियाण्याचे. हंगामाच्या मध्यावर, वेल जोमात असताना, आई एक चांगला दोडका हेरून त्याला चिंधी बांधते. अगदी शेवटचे फळ ती बियाण्याला ठेवीत नाही, कारण थकलेल्या वेलाचे बी पोचट निघते. चिंधीच्या दोडक्याला हात लावला की ओरडा ठरलेला, "तो नोको तोडू, बिजवाईचा आहे!" तो वेलावरच वाळून तपकिरी होतो, हलविला की आत बिया खुळखुळतात. काकडी पिवळी होऊन पिकू द्यायची, तिच्या बिया गरासह एक-दोन दिवस भिजत ठेवून धुवायच्या. सगळे बी उन्हात वाळवायचे, राख चोळायची आणि पुरचुंडी चुलीच्या वर आढ्याला टांगायची. राख ओल शोषते आणि धुराने कीड दूर राहते.

ही विद्या मी एकदा मोडली. बारावीत असताना मी तालुक्याहून संकरित दोडक्याचे पाकीट आणले. घरात शिकलेला मीच, म्हणून आईने माझे ऐकले आणि आपले बी लावले नाही. त्या वर्षी दोडके भरपूर आले. त्यांचेच बी आम्ही राखले. पुढच्या वर्षी मात्र एका वेलाचे फळ दुसऱ्यासारखे नव्हते. कुठे आखूड, कुठे वाकडे, आणि एकंदरीत थोडेच. मेंडेलने १८६६ साली वाटाण्याच्या प्रयोगांवरून जे मांडले तेच आमच्या मांडवावर घडले होते. संकरित बी दोन वेगळ्या वाणांचे अपत्य असते. त्याच्या पुढच्या पिढीत गुण विखुरतात. संकरित बी वाईट नव्हे, पण ते दरवर्षी विकत घ्यावे लागते. आईची जुनी पुरचुंडी सोडली, तर तिला ओल लागलेली. एकही बी उगवले नाही. आई काही बोलली नाही. ते बी तिने लग्नानंतर माहेरून आणले होते.

अशा निवडीचे मोल आमच्या जिल्ह्याला नवे नाही. नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली आपल्या धानात काही वेगळ्या लोंब्या पाहिल्या, त्या निराळ्या राखल्या आणि पुढील हंगामांत पेरीत व निवडीत त्यांतून एचएमटी हा बारीक तांदूळ सिद्ध केला. २०१८ साली ते वारले. शाळा त्यांना थोडीच लाभली होती. बी राखण्याचा, पेरण्याचा आणि देण्याघेण्याचा शेतकऱ्याचा हक्क २००१ च्या कायद्यानेही मान्य केला आहे. पण ज्या घरात बी राखणेच थांबले तेथे त्या हक्काचा उपयोग काय?

आमचे बी परत आले ते मामीकडून. आईनेच पूर्वी तिला मूठभर दिले होते. बी वाटून टाकावे असे आई का म्हणते, ते मला तेव्हा समजले. यंदा मांडव उतरला आहे, शेणखताच्या खड्ड्यात वाळके वेल पडले आहेत. चिंधी मात्र या वेळी मी बांधली होती. फळ कोणते, ते आईने दाखविले.