मागच्या दारचा ओटा

घर बांधताना किंवा दुरुस्त करताना स्वयंपाकघराच्या मागच्या दाराबाहेरची जागा नेहमी शेवटी उरते. दिवाणखान्याची फरशी, स्वयंपाकाचा कट्टा, पडदे यांत आपला सगळा उत्साह (आणि पैसाही!) संपलेला असतो. मग गवंडी विचारतो, “वहिनी, मागं काय टाकायचं?” आणि आपण म्हणतो, “उरलंय तेच टाका की.”

मैत्रिणींनो, मी अगदी हेच केलं. २०१९ साली हॉलमध्ये बसवलेल्या क्रीम रंगाच्या गुळगुळीत टाइल्सची पाच खोकी उरली होती. दुकानदार परत घेईना. मागचा ओटा दहा फूट बाय आठ फूट, त्यात त्या बरोब्बर बसल्या. आल्यागेल्यांनी कौतुक केलं. माझी छाती जरा फुगलीच.

जुलैत सासूबाई सकाळच्या चहासाठी गवती चहा खुडायला बाहेर गेल्या आणि ओल्या ओट्यावरून सरळ खाली आल्या. मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये. “माझंच लक्ष नव्हतं,” एवढंच त्या म्हणाल्या. मला एक शब्द बोलल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं. हात बरा झाला, पण जवळजवळ वर्षभर त्यांनी ओट्यावर पाऊल टाकलं नाही. तांदूळ निवडणं, शेंगा सोलणं, शेजारच्या काकूंशी कुंपणावरून गप्पा, सगळं त्या ओट्यावर चालायचं. ते बंद झालं. त्या आत खुर्चीवर बसून नुसत्या दाराबाहेर बघत राहायच्या.

शेवटी तो ओटा उखडला. या वेळी मात्र आधी चार ठिकाणी हिंडून, चौकशी करून मगच निर्णय घेतला.

बाहेरच्या जागेवर अनवाणी पाय पडतात, पाणी पडतं आणि ऊनही पडतं. रंग आणि चकाकी त्यानंतर बघायची. दुकानात टाइल दाखवतात ती कोरडी, आणि आपल्या पायात चप्पल असते. तेव्हा सरळ एक नमुना घरी मागा. त्यावर पाणी आणि साबणाचे दोन थेंब टाका, भिंतीला धरून अनवाणी उभ्या राहा आणि पाय पुढेमागे करा. पाय सरकला तर ती टाइल कितीही सुंदर असो, परत पाठवा. टाइलच हवी असेल तर बाहेरच्या भागासाठी खरखरीत पृष्ठभागाची मिळते. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात ‘आर-११’ असं लिहिलंय का ते विचारा. ‘आर-९’ची टाइल घरातच बरी.

आम्ही शेवटी आपली जुनी शहाबादी फरशीच घेतली. कर्नाटकातल्या शहाबादकडचा हा चुनखडीचा दगड. दिसायला साधा, करडा. पण पॉलिश न केलेली फरशी ओली झाली तरी पायाला धरून ठेवते, आणि टाइलच्या मानाने स्वस्तही पडते. राजस्थानचा कोटाही चांगला, फक्त पॉलिश केलेला घेऊ नका. भिजल्यावर तोही निसरडा होतो. काळा कडप्पा दिसतो छान, पण एप्रिलच्या दुपारी त्यावर पाय ठेववत नाही. कुरडया मात्र झकास वाळतील! कोकणातल्या मैत्रिणींच्या दारात जांभा असतो. तो पाणी पितो, आणि सावलीच्या बाजूला पावसाळाभर त्याच्यावर शेवाळ धरतं. येण्याजाण्याच्या वाटेवर तरी दुसरा दगड बसवावा.

हल्ली बंगल्यांतून लाकडी ओट्याची हौस आली आहे. त्याला ‘डेक’ म्हणतात. पुण्याच्या माझ्या मैत्रिणीने सागवानी फळ्यांचा केला आहे आणि तो खरोखर देखणा आहे. पायाला ऊबदार लागतो, उन्हात दगडासारखा भाजत नाही. पण त्याचे लाड फार. फळ्यांमध्ये पाव इंच फट हवी, खालून हवा खेळायला हवी, स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच हवेत, नाहीतर गंजून लाकडावर काळे ओघळ येतात. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी तेल पाजायचं. नाही पाजलं तर सागाचा रंग उतरून तो राखाडी होतो. खाली पाला साचतो, उंदीर घर करतात, म्हणून एखादी फळी उचलता येईल अशी ठेवावी. आणि त्यावर बसून तांदूळ निवडायचे म्हटलं तर थोडे फटीतून पाताळात जाणारच! लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक मिळून केलेल्या फळ्याही मिळतात. त्यांना वाळवी सहसा लागत नाही, तेल नको, पण गडद रंगाच्या उन्हात चांगल्याच तापतात.

वस्तू कोणतीही घ्या, उतार काढल्याशिवाय गवंड्याला सोडू नका. दहा फुटांना सव्वा ते दीड इंच उतार पुरतो, आणि तो घराकडे नव्हे, बाहेर. काम झालं की बादलीभर पाणी ओतून बघा. कुठे डबकं राहिलं तर तिथेच शेवाळ धरणार. ओटा घरातल्या फरशीपेक्षा दोन-तीन इंच खाली ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी आत यायचं नाही. पायरी सहा इंचांहून उंच नको. आम्ही पायरीच्या कडेला गवंड्याकडून टाकी मारून घेतली, पाट्याला लावतात तशी. आमच्याकडे लोखंडी पाइपाचा एक कठडाही बसवला, सासूबाईंच्या उजव्या हाताशी.

शेवाळ दिसलं की लगेच धुण्याचा सोडा टाकून खराट्याने घासा. शहाबादी किंवा कोट्यावर संडास साफ करायचं ॲसिड कधी ओतू नका. दगड चुन्याचा असल्याने तो खाल्ला जातो आणि पांढरे चट्टे कायमचे राहतात. चिंच-लिंबाचे डागही लगेच पुसावेत. ब्लीचिंग पावडर वापरलीत तर तिच्याबरोबर ॲसिड मुळीच नको. त्यातून विषारी वायू निघतो.

आणि हो, चार फरशा जास्तीच्या घेऊन ठेवा. नंतर तोच रंग मिळत नाही. आमच्या चारांपैकी एक सासूबाईंनी कुंपणाजवळ दोन विटांवर ठेवून घेतली आहे. काकूंचा चहाचा कप ठेवायला.